न पाहिलेल्या विद्यापीठाचा हंगाम

मार्च लागला की आमच्या बेदाण्याच्या शेडवर एक वास सुटतो. तो कसला हे सांगणं मला सोपं जायला हवं, कारण मी रसायनशास्त्र शिकवून पोट भरते. पोटॅशियम कार्बोनेट, द्राक्षं ज्यात बुडवतात ते डिपिंगचं तेल, उन्हात तापलेली हिरवी जाळी, द्राक्षांचा सुटलेला रस आणि आदल्या दिवशीच्या गंधकाच्या धुरीचा उरलासुरला झणका. एवढं सगळं मी फळ्यावर ओळीने लिहून देईन. पण वास काही फळ्यावर उतरत नाही. सांगलीहून तासगावच्या एसटीत बसलं की गावाच्या बऱ्याच अलीकडे तो खिडकीतून आत येतो. मग शेजारी कोण बसलंय, कंडक्टर काय विचारतोय, याकडे माझं लक्ष राहत नाही.

यंदाही तसंच झालं. कॉलेजला सुट्टी होती, पेपर तपासायचा गठ्ठा पिशवीत होता, आणि मनात ठरवलेलं होतं की शेडच्या सावलीत बसून तो संपवायचा. गठ्ठा पिशवीतच राहिला. शेडवर गेलेल्या माणसाला शेड रिकामं बसू देत नाही. क्रेट येतात, द्राक्षं द्रावणात बुडतात, वर निघतात, जाळ्यांच्या एकावर एक मजल्यांवर पसरली जातात आणि मग वाऱ्याची वाट बघत पडून राहतात. पंधरवड्याभरात हिरव्या मण्याची कातडी सैल पडते, रंग पालटतो आणि त्याचा बेदाणा होतो. विजापूरकडून आलेल्या बायका कानडीत बोलत हात चालवत असतात. मला त्यांचं निम्मं कळतं, आणि ते निम्मं बहुतेक आमच्याबद्दलच असतं.

एका वर्षीचा हंगाम मात्र माझ्या मनात इतर हंगामांपासून वेगळा पडून आहे. त्या वर्षी मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. सकाळी एसटीने सांगली, दुपारी परत, आणि परत आलं की ओढणी कमरेला खोचून शेडवर. माझे दोन्ही हात कोपरापर्यंत द्रावणात असताना फोन वाजला. हात पुसून बघितलं तर मेल. इंग्लंडमधल्या एका विद्यापीठाने मला एम.एस्सी.साठी घेतलं होतं. त्या विद्यापीठाचं नाव मी इथे लिहीत नाही. ते घेतलं की ऐकणारा जरा सरळ बसतो, आणि मला इथे कुणाला सरळ बसवायचं नाही.

आप्पा, म्हणजे माझे वडील, तेव्हा पलीकडे जाळी ताणत होते. सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेला माणूस. द्राक्षाच्या वेलींनाही ओळीत उभं करणारा.

"काय गं, कुणाचा फोन?"

"आप्पा, माझी निवड झाली. इंग्लंडला. एम.एस्सी.ला."

"सिलेक्शन?" त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. "फायनल?"

"व्हय. फायनल."

त्यांनी टोपी परत डोक्यावर घातली. मग म्हणाले, "रिपोर्टिंग कवा हाय?"

मी म्हटलं, सप्टेंबरात. त्यांनी मान हलवली आणि एका माणसाला मोटारसायकलवरून तासगावला पेढे आणायला पिटाळलं. मग त्यांनी आपल्या जुन्या पलटणीतल्या मित्रांना एकेक करून फोन लावले. पोरगीचं सिलेक्शन झालं, परदेशात झालं, सप्टेंबरला रिपोर्टिंग. तिसऱ्या की चौथ्या फोननंतर ते माझ्याकडे वळले आणि अगदी साध्या उत्सुकतेने विचारलं, "विमानाचं वॉरंट तेच धाडत्यात का आपण जाऊन घ्यायचं?"

हे हसण्यासारखं आहे, आणि मी आता हसतेही. पण आमच्या गावात हे हसण्यासारखं नव्हतं. आमच्याकडे घरटी एक तरी माणूस मिलिटरीत. पोरं पहाटे रस्त्यावर पळतात ती भरतीसाठी. निवड झाली म्हणजे काय, हे गावाला पक्कं ठाऊक होतं. निवड झाली की सरकार रेल्वेचं वॉरंट देतं, पत्र्याची ट्रंक देतं, कपडे, बूट, ब्लँकेट देतं, मेसमध्ये जेवायला घालतं आणि वर पगार देतं. घरच्यांनी फक्त स्टँडवर येऊन डोळे पुसायचे. निवडही झाली आणि पैसेही आपणच भरायचे, ही गोष्ट गावाच्या समजुतीत कुठेच बसणारी नव्हती. मी दोन-तीनदा सांगायचा प्रयत्न केला. पण तोपर्यंत पेढ्यांचा बॉक्स उघडला होता, आणि पेढा तोंडात असलेल्या माणसाला फीची गोष्ट सांगता येत नाही.

दोन दिवसांत गावच्या चौकात माझा फ्लेक्स लागला. तो लावला भगवानदादाने, म्हणजे माझ्या चुलतभावाने. गावात कुणाचं काही झालं की फ्लेक्स लावायचं खातं त्याच्याकडेच असतं. माझा फोटो कॉलेजच्या ओळखपत्रावरचा होता, त्यात मी नुकतीच कसल्यातरी चोरीत सापडल्यासारखी दिसते. वर 'सातासमुद्रापार निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन', खाली शुभेच्छुकांच्या गोल चेहऱ्यांची रांग आणि माझ्या डोक्यावरून चाललेलं विमान. ते विमान लढाऊ होतं. छापणाऱ्याकडे भरती झालेल्या पोरांच्या बोर्डासाठी तेच तयार होतं, आणि दादाला ते जास्त शोभिवंत वाटलं. सोसायटीच्या आवारात सत्कारही झाला. शाल, श्रीफळ, फेटा. फेटा बांधताना बांधणारा म्हणाला, "मान ताठ ठेव." ती मी पुढे बरेच दिवस तशीच ठेवून होते, कारण खाली घातली असती तर लोकांनी कारण विचारलं असतं.

प्रतिष्ठा म्हणजे काय, हे मला त्या आठवड्यात समजलं. ती माझी एकटीची नव्हती. किराणा दुकानदार माझ्यामुळे खूश होता. शाळेतल्या बाई खूश होत्या. ज्यांच्याशी आमचा बांधावरून अबोला होता त्यांनीही आईला थांबवून विचारलं, "पोरगी कवा जाणार?" मी न जाताच गावात माझा रुबाब झाला होता. मला तो आवडतही होता, हे सांगायला हवं. मी काही साधुसंत नव्हते. एसटीत ओळखीचं कुणी भेटलं आणि त्याने विषय काढला नाही, तर मला चुकल्यासारखं वाटायचं.

आणि केवळ रुबाबाचंही नव्हतं. मला तिथे जायचं होतं. ज्यांची प्रकरणं आम्ही पाठ्यपुस्तकात वाचत होतो ती माणसं तिथे वर्गात येऊन शिकवत होती. आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत जे उपकरण चित्रात दाखवत, ते तिथे विद्यार्थ्यांच्या हाती देत. नावाची ओढ वेगळी आणि शिकण्याची ओढ वेगळी, असं म्हणायची पद्धत आहे. मला त्या दोन्ही वेगळ्या करता आल्या नाहीत. द्रावणात बुडवलेल्या घडासारखं ते एकमेकांत मुरलं होतं.

फीचा कागद मी आप्पांना शेवटी शेडमध्येच दाखवला. दुपारची वेळ होती, बायका जेवायला बसल्या होत्या. मी रुपयांत सांगितलं. त्यांना आकडा मोठा आहे एवढं कळलं, पण तो नीट दिसेना. म्हणून त्यांनी आपल्या मापात विचारलं.

"म्हंजे आपल्या बागेचं किती हंगाम?"

मी सांगितलं. सगळे चांगले हंगाम धरून सांगितलं, गारपीट न धरता, करपा न धरता, आणि आम्ही मधल्या काळात काही खाल्लं नाही असं समजून. आप्पांनी कागदाची घडी घातली, परत उघडली, परत घातली.

"मग ह्येला सिलेक्शन कसं म्हणायचं?" ते म्हणाले.

त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

दुसरा रस्ता नव्हता असं नाही. बसने जाता येईल एवढ्या अंतरावर आपलं विद्यापीठ होतं. प्रवेश परीक्षा पुढे होती, पण मला तिथे प्रवेश मिळेल याची आमच्या सरांना खात्री होती. वसतिगृह स्वस्त, फी परवडणारी, शिष्यवृत्ती मिळाली तर तीही नाही. सर सांगलीच्या कॉलेजात आम्हाला शिकवायचे, आणि इंग्लंडसाठी शिफारस त्यांनीच केली होती. मी त्यांना विचारलं, सर, काय करू? ते पुष्कळ वेळ चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "नाव कामाला येतं. येत नाही म्हणणारा खोटं बोलतो. पण त्या नावाचे हप्ते तुला भरायचेत, मला नाही. म्हणून मी गप्प बसतो." त्या वेळी मला त्यांचा राग आला होता. आता माझ्याकडे मुली तोच प्रश्न घेऊन येतात, तेव्हा मीही काहीतरी पुसत बसते.

बँक सांगलीत होती. तिथल्या मॅडम चांगल्या होत्या, त्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या, पाणी दिलं, विद्यापीठाचं नाव वाचून माझ्याकडे कौतुकाने बघितलं. पण त्यांना आमची बाग चालेना. एवढ्या मोठ्या शैक्षणिक कर्जाला आम्ही शेतजमीन तारण घेत नाही, बिगरशेती मिळकत लागते, म्हणाल्या. आप्पा बागेचा उतारा घेऊन गेले होते. त्यांनी तो परत पिशवीत घातला. जी बाग आमच्या घराला जेवू घालत होती ती टेबलाच्या त्या बाजूला मिळकतच नव्हती, हे त्यांना लागलं. येताना ते म्हणाले, "माझं काय न्हाई. पण त्या मॅडमनं बागेकडं एकदा येऊन बघायचं तरी."

त्याच दिवसांत एक द्राक्षव्यापारी बागेच्या कडेला मोटारसायकल लावून उभा राहायचा. उरलेला माल ताजाच द्या, म्हणायचा, आजच्या आज तोड लावतो. भाव बरा होता. आप्पांनी त्याला चहा पाजला आणि परत पाठवला. मी म्हटलं, आप्पा, एकरकमी पैसे आले असते. ते म्हणाले, "ताजा माल दिला की सगळं त्याच्या वेळेनं. तोडणी त्याच्या वेळेनं, पैसं त्याच्या वेळेनं. बेदाणा केला की मी थांबू शकतो. मला थांबता आलं पायजे, एवढंच बघतो मी." तो त्यांचा धंद्यातला विचार होता, माझ्यासाठी नव्हता. पण मी जाळीवर द्राक्षं पसरताना तोच मनात घोळवत राहिले. कर्ज घेऊन गेले तर पदवीनंतर पहिली मिळेल ती नोकरी, मिळेल त्या गावात, मिळेल त्या कामाची. पुढे संशोधन करावंसं वाटलं तरी हप्ता थांबणार नाही. मला थांबता येणार नव्हतं. वयाच्या विशीत थांबायचं कशाला, असंही वाटायचं. दिवसातून चार वेळा माझं मत बदलायचं आणि चारही वेळा मला ते पक्कं वाटायचं.

अशात आत्तीचा फोन आला. आत्ती म्हणजे आप्पांची थोरली बहीण. तिचं सासर मेढ्याकडचं, पण नवरा सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाल्यावर दोघांनी साताऱ्यात घर बांधलं. पुढे तो गेला. मूलबाळ नाही. खालच्या दोन खोल्या भाड्याने दिलेल्या, वर ती एकटी. तिचं जे काही होतं ते म्हणजे ते घर. तिने फोनवर आप्पांना फार बोलूच दिलं नाही.

"माझं घर धरा की. बिगरशेतीच हाय."

आप्पा म्हणाले, "आक्का, तसं न्हवं ते."

"तसंच हाय. आन् मी पोरीवर उपकार करत न्हाई. मला मिरवायचंय. आमच्या भिशीतल्या बायका नुसत्या पुण्याचं सांगत्यात. मी विलायतेचं सांगणार."

हा आत्तीचा स्वभाव. जे मनात असेल ते ओठावर. मला तिचं हे बोलणं फार आवडलं, कारण गावातले सगळे हेच मनात धरून होते आणि बोलून दाखवणारी ती एकटी होती.

मिळकतीची किंमत ठरवायला बँकेचा माणूस साताऱ्याला जाणार होता, म्हणून मी आणि आप्पाही गेलो. घराजवळ पोचलो तर ओलसर चुन्याचा वास. आत्तीने घर रंगवून घेतलं होतं. बाहेर फिकट पिवळा, आत पांढरा, दाराला नवा गर्द तपकिरी. दारात रांगोळी. खिडक्यांना धुतलेले पडदे. स्वयंपाकघरात कांदेपोहे तयार, वर खोबरं-कोथिंबीर, बाजूला स्टीलच्या ताटलीत चिवडा आणि लाडू. आत्ती ठेवणीतल्या साडीत. आप्पा हळूच म्हणाले, "आक्का, मूल्यांकन हाय, बघायचा कार्यक्रम न्हवं." ती म्हणाली, "बघायलाच येतोय न्हवं? मग झालं तर."

बँकेने पाठवलेला तो गृहस्थ तरुण होता, घाईत होता. त्याने टेप काढून खोल्या मोजल्या, भिंतीवर बोटाने वाजवून बघितलं, जिन्याखालची ओल बघितली. आत्ती त्याच्या मागेमागे. "ह्ये कपाट शिसवी हाय, ह्ये धरा." तो म्हणाला, कपाट धरत नाही, मावशी. "मग ह्यो देव्हारा?" तोही धरत नाहीत. तिने माळ्यावरचा तांब्याचा बंब दाखवला. मागच्या खिडकीतून किल्ला दिसतो, तेही दाखवलं. सकाळी कसा दिसतो, पावसात कसा दिसतो. त्याने चांगुलपणाने बाहेर डोकावून बघितलं आणि टेप गुंडाळला. पोहे मात्र सगळे खाल्ले.

जाताना, बूट घालता घालता, त्याने नेहमीचा प्रश्न विचारला. त्याच्या दृष्टीने तो कामाचाच भाग असणार. "समजा पुढे कधी वेळ आली, तर घर रिकामं करून मिळेल ना? वाद वगैरे काही?"

"वाद कसला," आत्ती हसत म्हणाली. "मी एकलीच तर हाय. एक ट्रंक उचलायची आन् निघायचं. आन् वेळ येतीया कशाला? आमची पोरगी काय साधीसुधी हाय व्हय?"

मी तेव्हा दारात उभी होते. नव्या रंगाला हात लागू नये म्हणून अंग चोरून. आत्तीने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती मला सहन झाली नाही. तिला माझी इतकी खात्री होती. मला माझी तेवढी नव्हती.

परत येताना कराडच्या स्टँडवर बस थांबली तेव्हा चहा घेताना मी आप्पांना सांगितलं की मी जात नाही. त्यांनी कप खाली ठेवला. "पक्कं?" पक्कं, म्हटलं. ते मला थांबवतील अशी थोडी आशा होती, हे मी नाकारत नाही. त्यांनी थांबवलं नाही. कप परत उचलून उरलेला चहा संपवला. मग एवढंच म्हणाले, "आक्काला काय सांगायचं?"

खरं सांगितलं असतं तर आत्तीने घराची चावी माझ्या हातात कोंबली असती. म्हणून मी म्हटलं, "सांगा, तिथं काय वेगळं शिकवत नाहीत. पुस्तकं तीच असतात. पोरगीचं मनच उतरलं."

आप्पांनी तसं सांगितलं. पलीकडून आत्ती "असं व्हय" म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

गावाने हे कारण इतक्या झटक्यात स्वीकारलं की मीच चकित झाले. आठवड्याभरात लोक ते माझ्यापेक्षा चांगलं सांगायला लागले. तिथं काय ठेवलंय, नुसती थंडी. आपल्या विद्यापीठात त्यापेक्षा सरस शिकवत्यात. पुढे पुढे तर तिथली पोरंच आपल्याकडं शिकायला येत्यात, इथवर गेलं. माझा मान कमी झाला नाही, उलट परदेशाला नकार देणारी म्हणून थोडा वाढला. चौकातला फ्लेक्स आणखी काही दिवस होता, मग एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा आला. मी मात्र त्या दिवसांत चौकातून जाताना दुसरीकडे बघायचे. शेडवर द्राक्षं पिवळी पडत होती, कोरडी होत होती, काम चालू होतं. आई म्हणायची, "जेव की नीट." एवढ्यावरून मला कळायचं की तिला खरं कारण ठाऊक आहे.

आपलं विद्यापीठ मला चांगलं लाभलं. हे मी समजूत घालायला लिहीत नाही. वसतिगृहाच्या खिडकीखाली गुलमोहर होता. मेसच्या आमटीला आम्ही नावं ठेवायचो आणि वाटी पुढे करायचो. एक जुनं उपकरण होतं, ते सकाळी तापायलाच तासभर घ्यायचं, आणि ते नीट चाललं की आम्ही मुली एकमेकींना टाळ्या द्यायचो. एम.एस्सी. झाली, मग शिष्यवृत्तीवर पीएच.डी. झाली. ती करताना मला एक विषय मध्येच सोडून दुसरा धरावासा वाटला आणि मी धरला. त्यात वर्ष गेलं. कुणाचा हप्ता अडला नाही. त्या वर्षात मी पुष्कळदा आप्पांनी परत पाठवलेल्या त्या व्यापाऱ्याची आठवण काढली. आता मी सांगलीत शिकवते, माधवनगरला राहते, मला झोप चांगली लागते. झोप लागणं ही मोठी मिळकत आहे, कुठली बँक ती धरत नसली तरी.

पण कधीतरी एखादा शोधनिबंध वाचताना खाली त्या विद्यापीठाचं नाव दिसतं. मग मी लेखकांची नावं जरा सावकाश वाचते. दुखतं असं नाही. नुसतं थांबायला होतं. मी योग्य केलं का, असं कुणी विचारलं तर मी हो म्हणेन. वाईट वाटतं का विचारलं तरी हो म्हणेन. ही दोन्ही उत्तरं माझ्यात इतकी वर्षं शेजारी राहतात आणि त्यांचं भांडण होत नाही.

आत्तीचं आणि माझं काही तुटलं नाही. सणावाराला जाणं-येणं राहिलं. पण ती माझ्या शिक्षणाबद्दल पुढे कधी काही विचारेनाशी झाली. पीएच.डी. झाल्यावर मी पेढे घेऊन गेले तर "बरं झालं बाई" म्हणाली आणि चहा टाकायला उठली. भिशीत सांगितलं की नाही, मी विचारलं नाही.

यंदा आप्पांनी तिला हंगामाला आणलंय. गुडघे दुखतात, पण बसून काम होतं. शेडच्या सावलीत स्टुलावर बसून ती बेदाण्यातल्या काड्या निवडते, आणि विजापूरच्या बायकांना मराठीत, त्या तिला कानडीत, असं त्यांचं बोलणं दिवसभर चालतं. परवा दुपारी मी तिच्यासमोर निवडायला बसले होते. तेवढ्यात माझ्या एका विद्यार्थिनीचा फोन आला. तिला बाहेर प्रवेश मिळाला होता आणि कर्जाचं विचारायचं होतं. मी ऐकून घेतलं, सोमवारी घरच्यांना घेऊन ये म्हटलं आणि फोन ठेवला.

"काय म्हणतीया?" आत्तीने विचारलं.

"बाहेर शिकायला जायचंय तिला. जावं का न्हाई, विचारत होती."

"मग सांगून टाकायचं की. तिथं काय वेगळं शिकवत न्हाईत म्हणून."

ती खाली मान घालून काड्या निवडत होती. आवाजात टोमणा होता की नव्हता, मला कळलं नाही. पण मला पुढे गप्प बसवेना.

"शिकवतात, आत्ती. लय वेगळं शिकवतात. मला जायचं होतं."

तिचे हात थांबले. "जायचं व्हतं?"

"लय जायचं होतं. तो टेपवाला आला, त्यानं घर रिकामं करायचं विचारलं, आन् मला पुढं जाववेना."

आत्तीने हातातली काडी बाजूला टाकली. पलीकडे बायकांनी जाळी हलवली, बेदाणे ताडपत्रीवर सरसर पडले.

"घराचं तुला जड वाटलं ते मला तवाच कळलं व्हतं," ती म्हणाली. "मी काय येडी न्हाई. पर मला वाटलं, जायचंबी तुला मनातनं नकोच व्हतं. आन् मी एकलीच रंग काढत बसले, पोहे करत बसले. लाज वाटली गं मला. तवा बोलली असतीस तर काय झालं असतं? घर तसंच ऱ्हायलं असतं. तू तशीच इथं शिकली असतीस. पर दोघी मिळून रडलो असतो. मी एकलीच रडले."

मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. तिने तो काढला नाही. थोड्या वेळाने तिने पुढचा बेदाण्याचा ढीग आपल्याकडे ओढला आणि मला म्हणाली, "सांग आता. काय शिकवत व्हते तिथं?"

मी सांगायला लागले. आधी अडखळत, मग मला माझंच आश्चर्य वाटलं, कारण सगळं पाठ होतं. पहिल्या सत्राचे विषय, दुसऱ्या सत्राचे विषय, कुठला प्राध्यापक काय शिकवणार होता. नदीच्या काठाला असलेली विटांची प्रयोगशाळा. तिला मोठाल्या खिडक्या होत्या. सकाळी लवकर जाऊन खिडकीजवळची जागा धरायची असं मी ठरवलं होतं. आत्ती एकेक काडी बाजूला टाकत ऐकत होती आणि मध्येच "व्हय" म्हणत होती.

"नदी मोठी व्हती?"

"आपल्या कृष्णेएवढी न्हाई."

"आन् ऱ्हायला?"

"वसतिगृहात. खोली एकटीची होती."

"थंडी वाजत आसंल."

"वाजायची. पण खोलीत गरम असायचं."

"आन् खायचं कसं करायचीस?"

"माझं मीच करायचे," मी म्हणाले. "भात करायचे. तिथं ज्वारीचं पीठ कुठं मिळतंय? भाकरीची लय आठवण यायची."

आत्तीने मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"असं कसं," ती म्हणाली. "पीठ मी धाडत व्हते न्हवं."